अर्थिंगचा खड्डा

मी वायरमन. पंचवीस वर्षं मालवण ते कुडाळ लोकांच्या घरांत तारा ओढल्या आणि प्रत्येक घरात एकच गोष्ट घसा कोरडा करून सांगितली. वीज एका तारेने येते, दुसऱ्या तारेने परत जाते. फेरी पुरी झाली तरच दिवा लागतो. आत कुठे तार सुटून यंत्राच्या पत्र्याला लागली, तर तिला परतायला तिसरी वाट हवी. ती वाट म्हणजे अर्थिंग, जमिनीत पुरलेला पाईप. वाट मोकळी असली की वीज तिकडून धावते, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. बुजलेली असली की ती पत्र्यातच दबा धरून बसते, कोणीतरी हात लावीपर्यंत.

माझ्या थोरल्या भावाचं, सुदेशदादाचं घर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. खाली सगळा जांभा. उन्हाळ्यात हा दगड ठणठणीत कोरडा होतो आणि कोरड्या दगडातून वीज धड जात नाही. म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं. सावित्रीवहिनी तुळशीला पाणी घातलं की न चुकता खड्ड्यातही ओतायची.

मग दादाने घराचं होमस्टे केलं आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवले. खड्डा त्याखाली गेला. मी भडकलो.

"पिवक पाणी नाय, आणि तू मातयेत ओतूक सांगतंस! पावण्यांसमोर तुझो खड्डो कित्याक?" दादा म्हणाला.

हे तो चार पाहुण्यांदेखत बोलला, आणि ते हसले. मला मिरच्या झोंबल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून मी त्या घराची पायरी चढणं सोडलं.

मे महिन्यात एका दुपारी वहिनीचा फोन आला. पाहुण्यांच्या चादरी धुवायला काढल्या होत्या.

"भावजी, वॉशिंग मशीनीक हात लावल्यार झिणझिण्या येतत. जरा येवन बघशात?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. न कळायला काय झालं? 'प्लग काढा, हात लावू नका,' एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "दादाक विचारा. तेका माझ्यापेक्षा जास्त कळता."

ती कसनुशी हसली, "बरा" म्हणाली आणि फोन ठेवला. खाऊ देत दोन दिवस झिणझिण्या, मग येईल दादा हात जोडत, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं. आता ते शब्द कुठे नेऊन टाकू?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या पायांनी चादरी काढताना वहिनी मशीनला चिकटली. मी पोचलो तोवर तिला ओटीवर आणून निजवलं होतं.

तेरा दिवस दादा धड जेवला नाही. चौदाव्या दिवशी माझा हात धरून लहान पोरासारखा रडला.

"तू सांगत होतंस रे, मियांच आयकाक नाय. तिका मियांच मारलंय."

मी दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"आपल्या भांडणाक भियाली आसतली ती," तो म्हणाला. "तिना तुका एक फोन केल्यान असतो, तर तू धावत इलो असतंस."

मी म्हणालो, "व्हय."