वाटसरूचे ओठ

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता ऋजुता मगदूमच्या खेळातला वाटसरू पडद्यातून खाली उतरला आणि स्टुडिओतल्या बाकाशेजारी उभा राहिला. शैलजाताई हुपरीकरांनी आधी त्याच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. मग त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पण त्याला बसता येत नव्हतं, कारण बसण्याची हालचाल त्याच्यासाठी कुणी बनवलीच नव्हती. पाणी पुढं केलं तर त्यानं ते पेल्यासकट पिशवीत टाकलं. त्याला जे द्याल ते पिशवीत जायचं. रेकॉर्डिंग करणाऱ्या इकबाल मुजावरांनी आपला चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते कामाला लागले.

स्टुडिओ कोल्हापुरात, पाइपांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. एक काचेची केबिन, केबिनबाहेर इकबालभाईंचं यंत्र, आणि खाली रस्त्यापर्यंत जाणारा अरुंद जिना. एवढ्याशा जागेत शैलजाताईंनी एकतीस वर्षं काढली होती.

ऋजुताच्या खेळाचं नाव 'सात वेशी'. संगणकावरचा खेळ. त्यातला वाटसरू सात गावांच्या वेशी ओलांडत जातो आणि भेटेल त्याच्याशी बोलतो. बोलतो म्हणजे काय, तर समोरचा माणूस तोंड भरून बोलतो, आणि वाटसरूच्या छातीपाशी तीन लेखी उत्तरं उमटतात. खेळणाऱ्यानं त्यातलं एक निवडायचं. वाटसरू स्वतः हूं की चूं करत नाही. तो बाई की बुवा, हेसुद्धा खेळणाऱ्यानंच मनाशी ठरवायचं. सहा वर्षं हा खेळ हजारो लोकांनी खेळला आणि सहा वर्षं त्यांच्यात एकच भांडण चाललं. निम्मे म्हणायचे, समोर माणसं ढसाढसा रडतात आणि हा मूग गिळून मान हलवतो, अगदी खुळा दिसतो, त्याला वाचा द्या. उरलेले म्हणायचे, तो बोलायला लागला की तो 'मी' राहणार नाही. दुसरा भाग काढताना ऋजुतानं पहिल्यांचं ऐकलं. तिला बाईचाही वाटेल आणि पुरुषाचाही वाटेल असा खालच्या पट्टीतला आवाज हवा होता. तसा आवाज शहरात एकीचाच होता.

आता शैलजाताईंबद्दल सांगायचं, तर बाई ताठ. नाकावर माशी बसू देणार नाहीत. आणि का बसू द्यावी? दाक्षिणात्य सिनेमांतल्या पोलीस अधिकारी, दूरच्या देशांतल्या मालिकांमधल्या खाष्ट सासवा, बोलणारी अस्वलं, सगळ्यांच्या तोंडी मराठी घातली ती त्यांनी. मंडईत मेथीचा भाव विचारला की चार बायका वळून बघायच्या आणि आवाज कुणाचा ते न कळून पुन्हा भाजीकडे वळायच्या. पडद्यावर त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. हे त्यांना लागायचं, खूप लागायचं, पण बोलून दाखवतील तर त्या शैलजाताई कसल्या. त्यांचा अभिमान दुसऱ्या गोष्टीवर उभा होता. पडद्यावरच्या माणसाचे ओठ उघडले की त्यांचा शब्द सुटायचा, ओठ मिटले की संपायचा. एका फ्रेमचा फरक पडला, असं एकतीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. त्या याला ओठ धरणं म्हणत.

ऋजुतानं करारात लिहून दिलं होतं की या खेळात सगळ्यांत आधी नाव येईल ते शैलजा हुपरीकर यांचं. तो कागद त्यांनी घरी तीनदा वाचला होता.

त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. काचेपलीकडून ऋजुतानं खूण केली. शैलजाताई वाटसरूच्या ओठांकडे बघत राहिल्या. वाटसरू त्यांच्याकडे बघत राहिला. अशी वीस मिनिटं गेली.

अखेर ऋजुतानं विचारलं की काही अडचण आहे का. शैलजाताईंनी सांगितलं की ओठ हलत नाहीत. ऋजुतानं समजावलं की खेळांच्या कामात उलटं असतं, आधी आवाज भरायचा आणि मग त्यावरून ओठ हलवायचे. शैलजाताईंना हे बाळ जन्मायच्या आधी बारसं केल्यासारखं वाटलं. पण नाव डोळ्यांसमोर होतं. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं.

"मला पलीकडे जायचंय."

वाक्य झकास बसलं. त्याबरोबर छातीपाशी तरंगत असलेली बाकीची दोन उत्तरं टपकन खाली पडली आणि इकबालभाईंनी ती केरसुणीनं एका कोपऱ्यात लोटली. खोली बोटभर आत सरकली. मग वाटसरूच्या पाठीकडून एक बाई बाहेर आल्या. सहा वर्षं हा खेळ खेळणाऱ्यांपैकी एक, इचलकरंजीच्या, दवाखान्यात परिचारिका. चपला हातात धरल्या होत्या, त्या त्यांनी दाराशी घातल्या. हे वाक्य आजवर आपण म्हणत होतो, आता तुम्ही म्हटलंत तेव्हा आपलं तिथं काम नाही, असं त्यांनी न रागावता सांगितलं आणि त्या जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या वाक्याला दोघं आले. विसाव्या वाक्याला एक अख्खं कुटुंब आलं, आजोबा धरून. वाटसरूचा अंगरखा सैल पडत चालला. शैलजाताईंनी त्या सगळ्यांकडे फार लक्ष दिलं नाही, कारण आवाज लागला होता, आणि आवाज लागला की त्यांना दुसरं काही सुचत नसे. वाक्यागणिक खोली बोटभर आत येत होती. इकबालभाई खुर्ची मागं घ्यायचे आणि पुढचं वाक्य मागायचे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत केबिनमध्ये शैलजाताई, माइक आणि वाटसरू एवढंच कसंबसं मावत होतं.

डबा घेऊन त्या जिन्यावर आल्या तर बसायला पायरी शिल्लक नव्हती. दोनशेच्या वर माणसं भिंतीला लागून उभी होती आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मधल्या पायरीवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सरकून जागा करून दिली. त्यांच्या गळ्यावर पांढरी पट्टी होती आणि मांडीवर पाटी. त्यांनी पाटीवर लिहून ओळख करून दिली. दिनकर चौगुले, गडहिंग्लज. एसटीत कंडक्टर होते. चार वर्षांपूर्वी दुखण्यात स्वरयंत्र काढावं लागलं. पूर्वी त्यांनी स्टँडवर गावाचं नाव पुकारलं की ते चौकापलीकडे ऐकू जायचं. हे सगळं लिहायला त्यांना पाटी चारदा पुसावी लागली. पाचव्यांदा त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं: तिथं माझा आवाज होता.

शैलजाताईंचा घास हातात राहिला. मग त्यांना राग आला.

"मी कुणाचा आवाज घेत नाही," त्या म्हणाल्या. "मी माझा देते."

चौगुल्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं: म्हणूनच.

शैलजाताईंनी डबा बंद केला. हे बोलणं त्यांना झोंबलं, आणि झोंबलं ते खरं होतं म्हणून. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी त्यांनी जीव ओतला तेव्हा कुणी त्यांना विचारलं नाही की बाई, तुमचं नाव काय. आता नाव लागायची वेळ आली, तर ते या जिन्यातल्या माणसांना बाहेर काढून लागणार होतं. नाव सोडायचं? ते तर त्या मुळीच सोडणार नव्हत्या. आणि या माणसाला त्या पाटीच्या भरवशावर सोडून जाणं, तेही त्यांच्यानं होईना. त्या तशाच वर गेल्या.

केबिनमध्ये पाठ भिंतीला टेकली. माइक ओठांना लागत होता. त्यापलीकडे, हातभर अंतरावर, वाटसरूचा चेहरा होता. त्यांनी पुन्हा त्याच्या ओठांकडे पाहिलं. आणि इतक्या वर्षांच्या कामात न झालेली चूक आपण सकाळी केली, हे त्यांना कळलं. त्या ओठ हलायची वाट बघत बसल्या होत्या. मिटलेल्या ओठांत धरण्यासारखं काही नसतं असं त्या धरून चालल्या होत्या. आत्ता बघितलं तर खालचा ओठ वरच्याला किंचित दाबत होता, उजवा कोपरा डाव्याहून घट्ट होता, आणि नाकातून श्वास येत होता तो मोजून येत होता.

"इकबालभाई, सकाळचं सगळं पुसा," त्या म्हणाल्या. "आता पहिल्या वेशीपासून घेऊ."

ऋजुतानं काचेवर हात टेकला. दोनशे वाक्यं झालीत, एकही पुन्हा घ्यावं लागलेलं नाही, मग पुसायचं कशाला, असं ती विचारत होती.  शैलजाताईंनी आपले ओठ मिटले, खालचा वरच्याला किंचित दाबून, उजवा कोपरा घट्ट. इकबालभाईंनी एकदा ऋजुताकडे पाहिलं, एकदा शैलजाताईंकडे, आणि बटण दाबलं.

ते काम बुधवार संध्याकाळपर्यंत चाललं. पहिल्या वेशीवर पहारेकरी अडवतो तेव्हाचं गप्प राहणं. तिसऱ्या वेशीवर एक आई मुलाची खबर विचारते आणि वाटसरूला ती ठाऊक असते, तेव्हाचं. पाचव्या वेशीवर सगळं गाव खोटं बोलतं ते ऐकून घेतानाचं. विहिरीत उतरताना श्वास कोंडला जातो तो, घाव लागतो तेव्हाचा, नदीपल्याड घर दिसतं तेव्हाचा. शैलजाताई एकदाही खाली बसल्या नाहीत, कारण वाटसरू बसत नव्हता. रात्री घरी जाऊन, अक्षरही न बोलता भाकरी खाऊन, सकाळी दहाला त्या पुन्हा तशाच उभ्या राहायच्या. खोली मात्र आत सरकायची थांबली ती थांबली. तसूभर मागंही गेली नाही.

बुधवारी सातवी वेस संपली. ऋजुतानं कानाला हेडफोन लावून पहिल्यापासून ऐकलं. तिचा चेहरा उतरला.

"ताई, यात काहीच नाही ओ."

"न्हाई कसं?" इकबालभाई म्हणाले. वीस वर्षं ते लोकांच्या आवाजांमागची खरखर, पंखे, श्वास पुसून काढत आले होते, त्यामुळं शांतता म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. "तिसऱ्या वेशीवरचं परत ऐका. वाटसरूला पोराचं ठावं हाय, आणि सांगंना झालाय. मी हितं बसून रडलोय. काय न्हाई म्हणू नका."

ऋजुतानं परत ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मग तिनं हेडफोन काढून ठेवला आणि ती हळूच म्हणाली की ठीक आहे, हेच ठेवू. फक्त एक प्रश्न राहतो. ताईंनी एक शब्दही उच्चारलेला नाही. मग आवाज म्हणून त्यांचं नाव कसं घालायचं? लोक हसतील. शेवटी आभार मानू या, बारीक अक्षरात.

शैलजाताई केबिनमधून बाहेर आल्या. तीन दिवस मिटलेले ओठ त्यांनी उघडले, तेव्हा त्यांना जड गेलं. पण त्यांनी मान खाली घातली नाही.

"त्याचे ओठ मी धरलेत. सातही वेशींवर, एकदाही न सोडता. हे दुसऱ्या कुणाला जमणार असेल तर आण बोलावून. नसेल तर आवाज, शैलजा हुपरीकर. पहिलं नाव. मोठ्या अक्षरात."

ऋजुतानं त्यांच्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि तिथल्या तिथं नाव टाकलं. पडदा काळा झाला आणि त्यावर ते पांढऱ्या अक्षरांत उमटलं. आधी ते एकटंच आलं. तलवारींची चित्रं काढणारे, झाडं रंगवणारे, गाणी करणारे, सगळे त्याच्यानंतर. शैलजाताईंनी ते वाचलं. छाती अशी भरून आली की एकदा रुमाल काढावा लागला, आणि तो त्यांनी कुणापासून लपवला नाही.

मग इकबालभाईंनी दार उघडलं. चौगुले पहिले आत आले. त्यांनी पाटी वाटसरूच्या हातात दिली, वाटसरूनं ती पिशवीत टाकली, आणि चौगुले मान थोडी वाकवून, एसटीत चढावं तसे त्याच्या पाठीतून आत शिरले. अंगरखा खांद्यावर भरला. वाटसरू वळून पडद्यात चढला आणि पहिल्या वेशीवर जाऊन थांबला. पहारेकऱ्यानं विचारलं, कोण तू, कुठला? छातीपाशी तीन उत्तरं उमटली. चौगुल्यांनी आतून मधलं निवडलं.

वाटसरूचे ओठ मिटलेलेच राहिले. शैलजाताईंचे हलले. आवाज अजिबात नव्हता, पण अक्षरन् अक्षर ओठांवर स्पष्ट दिसत होतं, रुंद, सावकाश, चौकापलीकडे पोहोचावं असं. त्यांनी हात तोंडाकडे नेला आणि अर्ध्यावरून खाली घेतला. मान ताठ ठेवली.

जिन्यावरच्या माणसांनी आपापल्या चपला हातात घेतल्या होत्या. इचलकरंजीच्या परिचारिका चौगुल्यांचं वाक्य संपायच्या आत आत शिरल्या, त्यांच्यामागून दोघं, त्यांच्यामागून आजोबांना धरून ते अख्खं कुटुंब, आणि शैलजाताईंच्या ओठांनी पहिलं वाक्य न सोडता दुसरं धरलं, तिसरं धरलं.