भाऊजींच्या खर्चानं

गोकुळच्या तेरवीला त्याचा चुलतभाऊ अविनाश भरल्या बैठकीत म्हणाला की दादा त्या दिवशी दारू घेऊन होता, आणि ते धडधडीत खोटं आहे हे गोकुळच्या बायकोला, संजीवनीला सांगता आलं नाही.

गोकुळ एके काळी प्यायचा, हे खरं. लग्नानंतर त्यानं सोडली ती सोडलीच. पण गाव सुटलेलं लक्षात ठेवत नाही, घेतलेलं ठेवतं. त्यामुळे गोकुळ ज्यात सापडून गेला ते मळणीचं थ्रेशर अविनाशचं होतं, सोयाबीन ओलं होतं आणि भरभर टाकता यावं म्हणून हात आत जाऊ नये म्हणून लावलेला तोंडावरचा पत्रा अविनाशनंच काढला होता, हे कोणी विचारलंच नाही. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. थोरले चुलतसासरे रंगराव एवढंच म्हणाले, "सूनबाई, तू तं तिथंच होती. सांग, काय झालं."

संजीवनीनं तोंड उघडलं. गोकुळनं पेंढी उचलली इथपर्यंत ती आली, आणि पुढं गळ्याला आतून कोणी कडी लावावी तसं झालं. नुसता वारा बाहेर पडला. लोकांनी माना हलवल्या. बाईमाणूस नवऱ्याचं व्यसन कसं सांगणार, असा अर्थ त्यांनी आपापल्या सोयीनं काढून घेतला.

त्यानंतर लांबच्या वावरात कुठं थ्रेशर सुरू झालं तरी ती दार लावून धान्याच्या कोठीमागं जाऊन बसायची. दवाखान्यातल्या नर्स बेबीताईंनी सांगितलं, शेगावला पूनम मॅडम आहेत, असल्या धक्क्यावर त्या बोलून उपचार करतात. पण खाजगी आहे, दर खेपेला फी लागते. ही गोष्ट अविनाशच्या कानावर गेली आणि तो चावडीसमोर, चार माणसांत म्हणाला, "वहिनीच्या इलाजाचा खर्च माह्याकडं."

साऱ्या सोनाळा गावात त्याचा जयजयकार झाला. भाऊ असावा तर असा.

"त्याच्या पैशानं इलाज घेतं का तू?" सासूनं, शालूबाईनं विचारलं. त्या गावाशी फार बोलत नसत, पण पोराच्या तोंडाला त्या दिवशी वास नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. सकाळची भाकर त्यांनीच बांधून दिली होती.

"त्याच्याच पैशानं घेतो, आत्याबाई," संजीवनी म्हणाली.

पूनम मॅडमची खोली एका दुकानाच्या माडीवर होती. पहिल्याच दिवशी त्यांनी पद्धत समजावून सांगितली. डोळे मिटायचे आणि तो प्रसंग आत्ता घडतो आहे असा, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. जिथं थांबाल तिथून पुन्हा. ते सगळं फोनमध्ये भरून ठेवायचं आणि रोज घरी ऐकायचं. घाबरायला होईल, पण मन हळूहळू शिकतं की ही आठवण आहे, यंत्र नाही.

"यानं राग जातो का?" संजीवनीनं विचारलं.

"तुम्हाला घालवायचा आहे?"

"नाही. जाणार असन तं मले हा इलाज नको."

मॅडम म्हणाल्या, "राग हा आजार नाही. माझा उपचार भीतीवर आहे. रागाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

मग संजीवनी बसनं शेगावला जात राहिली. सुरुवातीला पेंढीपाशीच गाडी अडायची. घामानं पदर भिजायचा. मॅडम म्हणायच्या, "पुन्हा, सुरुवातीपासून." घरी ती फोन कानाला लावून स्वतःचाच फाटका आवाज ऐकायची, शालूबाई शेजारी भाजी निवडत बसायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. हिवाळा सरेपर्यंत ती पेंढीच्या पुढं गेली. उन्हाळ्यात मॅडमनी तिला बंद थ्रेशरजवळ उभं राहायला लावलं, नंतर थ्रेशर चालू असलेल्या वावराच्या बांधावर. ती पळाली नाही.

एकदा बसस्टँडवर अविनाश भेटला. पानाच्या टपरीवर चौघांसोबत उभा होता.

"काय वहिनी, चालूच आहे का? नुसतं बोलाचेबी पैसे घेते म्हन्ते ती बाई. एवढ्यात तं माह्या ट्रॅक्टरचे टायर आले असते." चौघं हसले.

"होते आता, भाऊजी," ती म्हणाली. "शेवटचं थोडं राहिलं."

"होऊ द्या, होऊ द्या. घाई नाही."

त्याच्या त्या दिलदारीवर ती बसमध्ये चढेपर्यंत मनातल्या मनात दात आवळून हसत होती. शस्त्राला धार लावायचे पैसे वैरीच मोजत होता, आणि वर घाई नाही म्हणत होता.

वर्षश्राद्धाला सगळे भाऊबंद जमले. अंगणात पंगत बसली. अविनाश बाह्या सावरून वरणाची बादली घेऊन फिरत होता. त्याला पाहून रंगरावांना गहिवर आला.

"अविनाशनं भावाचं कर्तव्य केलं," ते म्हणाले. "सूनबाई बोलती झाली ते त्याच्यामुळं. दोन शब्द बोल, बाई."

संजीवनी भिंतीशी उभी होती. तिनं डोळे मिटले.

"मी गोकुळच्या डाव्या हाताले उभी आहो. आभाळ भरून आलं आहे. भाऊजी पाना घेऊन पत्रा काढते आणि ट्रॅक्टरखाली टाकते. गोकुळ म्हन्ते, पत्रा बसव, मंग टाकतो. भाऊजी म्हन्ते, भ्याला का बे, टाक. गोकुळ पेंढी उचलते. ओला पाला मनगटाले गुंडाळते. मी ओरडतो. मशीन बंद होत नाही."

पंगतीतला एक हात भातातच थांबला. तिचा आवाज चढला नाही, अडलाही नाही.

"मंग बंद होते. गोकुळ खाली पडला आहे. अजून जीव आहे. त्याची मान मी मांडीवर घेतो. त्याच्या तोंडाले वास नाही, कशाचाच नाही. मी म्हन्तो, भाऊजी, गाडी काढा. भाऊजी गाडी काढत नाहीत. ते ट्रॅक्टरखालून पत्रा ओढून काढते आन् नटबोल्ट बसवून राह्यले. चारही बोल्ट बसवते. मंग गाडी काढते. तोवर गोकुळ गेला."

तिनं डोळे उघडले आणि थेट त्याच्याकडं पाहिलं.

"येडी झाली ही," अविनाश म्हणाला. मग लोकांकडं वळून, जरा मोठ्यानं, "रंगरावकाका, हिच्या इलाजाले मी पैसे भरले. साऱ्या गावाले माहीत आहे."

"भरले ना," संजीवनी म्हणाली. "म्हणूनच शेवटापर्यंत सांगता आलं. उद्या ठाण्यातबी असंच सांगतो. तिथं जायाचं बसभाडं तेवढं माह्याजवळ आहे."

कोणी हसलं नाही. रंगराव ताटाकडं बघत म्हणाले, "पत्रा कोनं काढला बे, अविनाश?"

बादलीतलं वरण अविनाशच्या धोतरावर सांडत होतं.

शालूबाई उठल्या. त्यांनी त्याच्या हातातून बादली काढून घेतली, पळी आत टाकली आणि पुढच्या पत्रावळीकडं वाकल्या.

"माह्या पोराच्या पंगतीत तू वाढू नको," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या माणसांना वरण वाढू लागल्या.