माझ्या तोंडाला फासलेली हळद

मी एक जुनी चकती आहे, मित्रांनो. किनवटच्या तुमच्या वसतिगृहात कडुनिंबाला टांगलेली, लोखंडी दांडक्याने तुम्ही रोज बडवता ती. त्याआधी मी उदगीरच्या रेवणप्पाच्या मोटारीत, पुढच्या चाकामागे ब्रेकची चकती होते.

माझा जन्मच मारातला. भट्टीने वितळवलं, साच्याने आवळलं, पात्याने सोललं. मग दोन ब्रेक-पॅडच्या जबड्यात दिलं. ब्रेक दाबला की ते मला दोन्हीकडून चावत. मी जळायची, गाडी थांबायची. कुणाचा तरी जीव वाचायचा, म्हणून ते चावणं मला गोड लागे.

पॅड झिजले. खंडेनवमीला, हत्यारं-वाहनं पुजायच्या दिवशी, रेवणप्पाने अंगणातच नवे पॅड बसवायला काढले. आधी देवापुढे ठेवले. तेलात कालवलेली हळद त्यांच्या तोंडाला फासली, उरलेली माझ्या.

बायको शिवगंगा फडकं घेऊन आली. "अहो, पुसा की ते. घासायची जागा हाय ती."

"गप! देवाची हळद हाय. पुसली तर पाप लागंल."

"देव काय चाकात बसून ब्रेक दाबणार हाय?"

त्याने फडकं हिसकून भिरकावलं नि पॅड तसेच बसवले.

दुसऱ्या दिवसापासून मी किंचाळू लागले. शेजारचे हनीफभाई दुकानातून ओरडले, "रेवणप्पा, गाडीत बकरं कापून राहिला काय?" चिडलेल्या रेवणप्पाने हातोडा घेतला नि मला धरणाऱ्या जबड्यावर घाव घातले. मी गप्प होईना.

मग दोघं नवरा-बायको मुखेडच्या बाजाराला निघाले. उतार लागला. पुढे एसटी थांबलेली, माणसं उतरत होती. रेवणप्पाने ब्रेकवर पाय रोवला. पॅड चावायला आले आणि तेलावरून घसरले. शिवगंगाने हँडब्रेक ओरबाडून ओढला. गाडी गर्रकन फिरली, खडीच्या ढिगावर आदळली. काच फुटली. तिच्या कपाळावर भस्म होतं, तिथूनच रक्त ओघळलं.

"शिवे! बोल की गं!"

"बोलते," ती म्हणाली. "आता तरी पुसताल का?"

टाके ओले असतानाच ती अंगणात बाजेवर बसली. रेवणप्पाने तेल प्यालेले पॅड फेकले, नवे आणले. मला पॉलिशपेपरने घासलं, कोरडं पुसलं. पॅड धरणाऱ्या क्लिपांचा गंज खरवडला. ग्रीस लावलं ते पॅडच्या पाठीला, लोखंडावर लोखंड घासतं तिथे, अगदी पातळ. तोंडाला बोटही लावायचं नव्हतं.

"लागलं बोट! नवा पेपर घ्या, घासा परत," शिवगंगा बाजेवरून ओरडली.

त्याने नवा पेपर घेऊन परत घासलं. मोकळ्या मैदानात हळूहळू ब्रेक दाबत गाडी फिरवली. मी गप्प होते. तो मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होता.

पुढल्या खंडेनवमीला भस्म नि हळद लागली ती बॉनेटला.

झिजून पातळ झाले तेव्हा भंगारातून तुमच्याकडे आले. मित्रांनो, मला खुशाल बडवा, मी घंटा होऊन वाजेन. पण चाकातली एखादी चकती किंचाळली, तर हातोडा उचलू नका; ती काहीतरी सांगत असते. हळद गाडीच्या कपाळाला लावा. आमच्या तोंडाला कोरडं फडकं पुरे.