दम लागला ती जागा

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकदाच पाठ चुकवला, तोही अंगात ताप असताना, आणि नेमका तोच सगळ्या जगात गेला.

मी शरदिनी. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत आमचं घर. हे म्हणजे ढुंढिराजगुरुजी, घनपाठी. घन म्हणजे मंत्राचे शब्द उलटसुलट गुंफून, पण एक अक्षर न मोडता म्हणायचे. ह्यांच्या वेदशाखेचा घन म्हणणारं अख्ख्या बनारसात हे एकच घर उरलं होतं. चाळीस वर्षं मी तो ऐकत आले. बायकांनी म्हणायचा नसतो, पण कानाला कोण अडवणार? भाजी चिरता चिरता मलाही सगळा पाठ झाला होता.

सात वर्षांपूर्वी माघात श्रीराम नावाचा इंजिनीयर पुण्याहून आला. कंपनी परदेशातली. गुरुजींचा सगळा घन रेकॉर्ड केला की जगात कुणालाही मोबाइलवर शिकता येईल, विद्या बुडायची नाही, असं त्याचं म्हणणं. हे भुलले. खरं सांगते, मीही भुलले. आमचा मुलगा बँकेत चिकटलेला, घरातलं शिकणार कोण होतं? घाटावरच्या भोंग्यांचा आवाज येऊ नये म्हणून मी खिडक्यांना रजया लावून दिल्या आणि त्या कोंदट कोठरीत हे दहा दिवस म्हणत बसले. अकराव्या दिवशी ताप चढला, छाती वाजायला लागली. श्रीरामचं विमान दुसऱ्या दिवशीचं, म्हणून तसंच रेटलं. एका मंत्रात, शब्दाच्या ऐन मध्यावर, ह्यांना दम लागला आणि थांबावं लागलं. तिथल्या तिथं हे म्हणाले, एवढं परत घ्या. तो म्हणाला, ऑफिसात कापून जोडतो. जोडतोय डोंबल!

तीन महिन्यांत तो पाठ अमेरिका, सिंगापूर, कुठं कुठं पोचला, दमासकट. ह्यांचा जीव कासावीस. वडिलांनी तोंडात घातलेला शब्द माझ्यामुळे मोडला, मरायच्या आधी तेवढा दुरुस्त होऊ दे, दुसरं काही नको, हेच धरून बसले. चार पत्रं लिहिली. श्रीराम नोकरी सोडून गेलेला. त्याच्या जागी जो कोण होता त्यानं इंग्रजीत कळवलं की लाखो लोक ऐकतात, कुणाची तक्रार नाही. ते पत्र ह्यांनी पंचांगात ठेवलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

हळूहळू घरी शिकायला येणारेही बंद झाले. मोबाइलवर मिळतंय तर भर थंडीत पहाटे येऊन ह्यांची बोलणी कोण खाईल? मला आधी बरंच वाटलं, सकाळी चहाचा पसारा वाचला. मग घर खायला उठलं.

गेल्या कार्तिकात शिवरामचं बोलावणं आलं. शिवराम ह्यांचाच जुना शिष्य. आता तो परदेशातल्या यजमानांसाठी पारायणं करवतो. इकडे बारा वैदिक आणि कॅमेरा, तिकडे कुठं टेक्सासात यजमान सोवळं नेसून पडद्यासमोर. हे गेले, मी मागे जाऊन बसले. बाराच्या बारा मोबाइलवरून शिकलेले, पण आवाज खणखणीत, मलाही कौतुक वाटलं. मग तो मंत्र आला. बाराही जण शब्दाच्या मध्यावर एकदम थांबले. एकट्या ह्यांचा आवाज पुढे गेला. दोघातिघांनी एकमेकांकडे बघून हसू दाबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी शिवराम घरी आला. ह्यांच्या पाया पडला आणि खाली बघतच सांगू लागला, की ते म्हातारे गुरुजी चुकतात का, असं यजमानांनी विचारलंय.

हे म्हणाले, "तिथं थांबायचं नसतं, शिवराम. तिथं मला दम लागला होता."

"मला ठाऊक आहे, गुरुजी. पण आता तोच पाठ झालाय. थांबता येत असेल तर या."

तो गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चार दिवस. माझ्याच्यानं बघवेना. घरात झुरून मरतील, चार वैदिकांत बसले तर जगतील, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हटलं, थांबा की क्षणभर, काय बिघडतं? जन्मभर माझं तोंड तिखट, पण इतकं वाईट मी कधी बोलले नव्हते. ह्यांनी दुसऱ्या दिवशी माझा मोबाइल मागून घेतला आणि त्यावर स्वतःचाच आवाज लावून बसले, थांबायची सवय व्हावी म्हणून. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात तेच. स्वयंपाक करताना तेच, निजताना तेच.

त्यानंतर प्रत्येक पारायणाला गेले, बरोबर थांबले. शिवराम खूश.

परवा सकाळी हे देवापुढे एकटेच म्हणत होते. ना कॅमेरा, ना यजमान. मी गंध उगाळत होते. तो मंत्र आला आणि हे थांबले. मी म्हटलं, अहो, घरी कशाला थांबता? ह्यांनी मागून सुरू केलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदाही तसंच. मग माझ्याकडे वळले. चाळीस वर्षांत ह्यांनी मला पाठातलं काही म्हणून विचारलं नव्हतं.

"तू ऐकलंयस ना गं. कसं होतं ते?"

मला येत होतं. झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. नेम गेले खड्ड्यात, म्हणून मी सहाण बाजूला सारली, तोंड उघडलं, म्हणायला लागले, आणि शब्दाच्या मध्यावर मीही थांबले.