तुपावरची गोळी

माझ्या डाव्या तळहातावर गजकर्णाचं कडं उठलं. त्याच हातावर रोज पहाटे गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजा करायची, म्हणून मधे विड्याचं पान ठेवू लागले. पानावरचं लिंग लांब गेल्यासारखं वाटायचं, धुक्यातल्या देवळासारखं.

डॉक्टरनं पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या. सून दाक्षायणी म्हणाली, "आत्याबाई, गोळी तुपाच्या जेवणावर घ्या म्हणालेत."

"खाजेला तूप? तुझ्या माहेरी मंद्रूपला पथ्य म्हणजे काय ते ठाऊक न्हाय वाटतं," मी म्हणाले. महिनाभर कोरड्या भाकरीवर गोळ्या गिळल्या. कडं पसरतच गेलं.

पुन्हा दोघी सात रस्त्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर हसले. "अक्कव्वा, ही गोळी तुपाशिवाय अंगी लागत नाही."

घरी दाक्षायणीनं भाकरी वाढली. मीच ताट पुढं ओढलं. "वाढ की तूप. माझ्यासारखा हात आखडू नको."

मग पूजेत डोळे मिटले की ते कडं चंद्राभोवतीच्या खळ्यासारखं विरताना दिसायचं. दीड महिन्यानं एका पहाटे मी पान बाजूला ठेवलं. लिंग तळहाताला टेकलं, गार, आपलं. घर तरंगत असल्यासारखं वाटलं. आतून लोणी कढवल्याचा वास येत होता.