रुपीबाईंची वीस सत्रं

खोलीत एक खुर्ची, चुंबकाची एक कॉइल, एक हेडफोन, पाण्याच्या दोन बाटल्या आणि भिंतीवर वीस चौकटींचा तक्ता होता. त्यांतल्या दहा चौकटींत मी खुणा केल्या होत्या.

रुपीबाई राठोड आर्णीजवळच्या तांड्यावरच्या. नैराश्य तीन वर्षांचं, चार औषधांनी फरक पडला नव्हता. आमच्या चाचणीत डोक्यावर चुंबकीय ठोके देताना कानात ओळखीचा, बरा वाटणारा आवाज ऐकवतात. सुरुवातीला प्रश्नावलीत त्यांना सव्वीस गुण होते. गुण जास्त म्हणजे आजार जास्त. वीस सत्रांत ते तेरापर्यंत उतरले नाहीत, तर पुढचा उपाय विजेच्या झटक्यांचा होता. त्याला त्या फार घाबरत.

दहा सत्रांनंतर गुण झाले अठ्ठावीस.

"रुपीबाई, गाणं आवडत नाही का?" मी विचारलं.

"गाणं?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "ढावलो हाय तो. नवरी माहेर सोडते तवा गळ्यात पडून रडते. दहा दिवस झाले, तू मले रडणं ऐकवून राह्यली."

आवाज मीच निवडला होता. त्यांचा भाऊ लखीराम याने आपल्या मुलीच्या लग्नातली सात रेकॉर्डिंग दिली होती. मला त्यांची बंजारा भाषा, गोरबोली, येत नाही. संगणकावर आवाजाचे आलेख पाहून मी सगळ्यांत संथ, एकसारख्या लयीचं घेतलं. हेडफोनमुळे इतर कुणाला ते ऐकूच गेलं नाही.

"मग सांगितलं का नाही?"

"मले वाटलं, दवाईच तशी असन. अन् तूच म्हणे, हालू नका. ढावलो ऐकला का गळ्यात पडा लागते. या खुर्चीच्या गळ्यात पडू का?"

दारातला लखीराम हसला, मग म्हणाला, "मॅडम, एवढ्या शिकल्या, मले एकडाव इचारा लागत होतं."

चाचणीचे प्रमुख डॉक्टर अतुल सरांनी चूक नोंदवली आणि आवाज बदलायला परवानगी दिली. सत्रं वाढवून मात्र मिळणार नव्हती.

"आता काय ऐकाल?"

"निंदणाच्या बाया. नंदाबाई अन् तिची सून. लय भांडतात."

लखीरामने वावरात तण काढणाऱ्या या दोघींचं चाळीस मिनिटांचं भांडण रेकॉर्ड करून आणलं. या वेळी मी आधी ते त्याला ऐकवलं, वाक्यावाक्याचा अर्थ विचारला.

पंधराव्या सत्रात रुपीबाई एकदम म्हणाल्या, "खोटं बोलून राह्यली थे सून!" डोकं हललं. ठोके थांबवून मी कॉइल पुन्हा बसवली.

विसाव्या सत्रानंतरचे गुण: सतरा. हवे होते तेरा.