तांबड्या पाण्याला लाइक कोण देणार?

मी एक जुना फोरम आहे, मित्रांनो. फोरम म्हणजे संगणकात राहणारा गप्पांचा कट्टा. पनवेलच्या खाडीची काळजी घेणाऱ्या मंडळींनी मला बसवलं. खांदा कॉलनीतली नोकरदार माणसं आणि खाडीकाठचे कोळी माझ्यावर एकत्र लिहीत. दिसायला मी ओबडधोबड, ना रंग, ना रूप. पण रीत पक्की: जो शेवटी बोलला, त्याचं सर्वांत वर. कुठल्याशा कारखान्याचं घाण पाणी आलं की त्या कोळ्यांतला काळूराम लिहायचा, "पानी तांबरा झालाय, कोन उतरू नका." काठावरच्या ठमाबाईला तिची सून रोज मला वाचून दाखवी; पाणी चांगलं असलं तरच ती ओहोटीला खुबे, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला जायची.

पण कॉलनीतल्या विश्वजीतसाहेबांच्या डोक्यात नव्या ॲपचं खूळ शिरलं. कॉलनीच्या हॉलमध्ये त्यांनी ते पडद्यावर दाखवलं. ज्याला जास्त लाइक, ते वर! टाळ्याच टाळ्या. कॉलनीतल्याच चारुताताईंनी तेवढं विचारलं, "खाडीकडच्यांना दाखवलंत का?"

"अहो, त्यांना काय कळतंय सॉफ्टवेअरमधलं?"

ऐकलंत? जीव त्यांचा आणि पसंती यांची! मला मात्र कुलूप लागलं. आता मला कुणीही वाचू शकतं, पण माझ्यावर लिहिता येत नाही.

ते ॲप माझ्याच सर्व्हरवर नांदतं, म्हणून सगळं दिसतं. परवा काळूरामने तांबड्या पाण्याची बातमी टाकली. तिला लाइक कोण देणार? वाईट बातमीला अंगठा द्यायला कसंतरीच वाटतं ना! वर बारशाचे फोटो झळकले, बातमी तळाला गेली. सुनेला ती दिसलीच नाही आणि ठमाबाई गुडघाभर पाण्यात उतरली. पायांची सालटी निघाली हो तिच्या! दवाखान्यातून सुनेने लिहिलं, "सासू इचारते, मना कोनी कसा सांगला नाय?"

यावर साहेबांनी काय करावं? फुलांचं चित्र टाकलं, "ठमाबाई, लवकर बऱ्या व्हा!" लाइकचा नुसता पाऊस. ती पोस्ट अजून सर्वांत वर मिरवतेय. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मित्रांनो, मलाच परत आणा असं मी म्हणत नाही. हवं तर तिसरं काही आणा. पण निवडताना ज्याचे पाय पाण्यात आहेत, त्याला आधी विचारा. आणि आत्ता, हात जोडतो, कुणीतरी त्या फुलांच्या खाली, पार तळापर्यंत जा. काळूरामने सकाळीच लिहिलंय, "पानी परत तांबरा झालाय." ओहोटी लागली आहे. बायका टोपल्या घेऊन निघाल्या असतील.